इंडियाना हूजर्स २०२४: नवे कोच कर्ट सिग्नेटी आणि सातशे पराभवांचा संघ

चुनखडी | २० ऑक्टोबर २०२४

काल नेब्रास्काला ५६-७ असं हरवलं. घरी आले तेव्हा घसा पार बसला होता. आज सकाळी चहा ठेवताना नवऱ्याशी खुणांनीच बोलत होते. सात सामने, सात विजय. इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने, म्हणजे हूजर्सनी, मोसमाची अशी सुरुवात याआधी १९६७ साली केली होती. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत, काहींनी इथेच शिक्षण घेतलंय, म्हणून धागा काढतेय. मोसम संपेपर्यंत चालू ठेवू.

आम्ही २००६ साली ब्लूमिंग्टनला, म्हणजे विद्यापीठाच्या गावी आलो, नवऱ्याच्या पीएचडीसाठी. तेव्हा टेरी हेपनर कोच होते. त्यांनी मैदानाच्या उत्तर टोकाला चुनखडीचा एक मोठा दगड बसवला होता. (आमचा भाग चुनखडीच्या खाणींचा. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा दगड इथलाच. माझं नावही त्यावरूनच घेतलंय.) खेळाडू मैदानात उतरताना त्या दगडाला हात लावतात, आपण उंबऱ्याला लावतो तसा. जून २००७ मध्ये हेपनर मेंदूच्या कर्करोगाने गेले. त्यांचं स्वप्न होतं की संघाने तेरावा सामना खेळावा, म्हणजे मोसमानंतरच्या मानाच्या, 'बोल' सामन्यासाठी पात्र व्हावं. त्याच वर्षी शेवटच्या अर्ध्या मिनिटात ४९ यार्डांवरून किक मारून आपण राज्यातल्याच पर्ड्यू विद्यापीठाला २७-२४ ने हरवलं आणि तेरावा सामना मिळवला. मी फुटबॉलला बांधली गेले ती त्या दिवशी. नियम निम्मेच कळत होते.

त्यानंतरची वर्षं फार कठीण गेली. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर २०२४ पर्यंत सर्वाधिक पराभव कुणाच्या नावावर होते? आपल्याच. सातशेहून जास्त. २०२० मध्ये टॉम अॅलन यांच्या संघाने मिशिगनला हरवून सुखाचे दिवस दाखवले, पण पुढची तीन वर्षं २-१०, ४-८, ३-९ अशी गेली. अॅलन मनाने फार चांगला माणूस. 'एकमेकांवर प्रेम करा' हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते तसे वागतही. त्यांना काढलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे आजही लिहिते.

मग ३० नोव्हेंबर २०२३ ला कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक झाली. पत्रकारांनी विचारलं, चांगल्या मुलांना इथे यायला कसं पटवता? ते म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करून बघा." मी खरंच केलं. वडील फ्रँक सिग्नेटी नामवंत कोच. हे स्वतः अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली चार वर्षं होते, राष्ट्रीय विजेतेपद पाहिलेले. ती नोकरी सोडून, कमी पगारावर, पन्नाशीला टेकलेला हा माणूस पेनसिल्वेनियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका लहान विद्यापीठात मुख्य कोच व्हायला गेला. मग ईलॉन विद्यापीठ, मग जेम्स मॅडिसन विद्यापीठ. मुख्य कोच म्हणून एकाही वर्षी हरल्याहून जिंकलेले सामने कमी नाहीत.

तरी मोसमापूर्वी पत्रकारांच्या पाहणीत बिग टेनच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, अठरा संघांत आपल्याला सतरावं स्थान होतं.

६ सप्टेंबरला हरतालिका होती. मी उपाशी, दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी नारळ खोवत बसले होते. समोर टीव्हीवर वेस्टर्न इलिनॉयविरुद्धचा सामना. ७७-३! विद्यापीठाच्या इतिहासातले एका सामन्यातले सर्वाधिक गुण. संघ दुबळा होता हे मान्य. पण सत्तर गुणांनी पुढे असताना आपल्या एका खेळाडूची चूक झाली आणि कॅमेरा कोचवर गेला. त्या चेहऱ्यावर सामना बरोबरीत असल्यासारखी चिंता. मी खोवणी बाजूला ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, हे काहीतरी वेगळं आहे, बघा जरा."

---

पर्वती_पायथा | २१ ऑक्टोबर

ताई, छान लिहिलंय. पण आमच्यासारख्यांसाठी जरा फोड करून सांगाल का? हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही एवढंच माहीत आहे. आणि कॉलेजच्या सामन्याला पन्नास हजार लोक कसे?

---

पॅसिफिक_किनारा | २१ ऑक्टोबर

मी सांगतो. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चारात दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार मिळतात. तीन प्रयत्न फसले तर बहुतेक वेळा चौथ्याला चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणजे पंट. पलीकडच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. बाकीचं बघता बघता कळतं.

आणि गर्दीचं म्हणाल तर इथे बऱ्याच राज्यांत व्यावसायिक संघच नाहीत. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. तीन पिढ्या त्याच रांगेत बसतात.

ताई, १४ सप्टेंबरला यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला मी पासाडेनाला होतो. ४२-१३. लाल टीशर्ट घातलेले किती म्हातारे लोक विमानाने आले होते! १ जानेवारी १९६८ नंतर इंडियाना पहिल्यांदाच रोझ बोलच्या मैदानावर उतरत होता. तेव्हा सदर्न कॅलिफोर्नियाकडून १४-३ हरले होते.

---

सोळा_आणे | २२ ऑक्टोबर

थोडं विरोधी मत मांडतो. यात कोचने घडवलं काय? जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू सोबत आणले, बाकीचे ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून उचलले. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा, कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठातून आलेला. आता खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळतात, कॉलेज बदलायलाही आडकाठी नाही. चार वर्षं एका कॉलेजात घाम गाळून वर येणारा खेळाडू यात कुठे राहिला? मला हा विकत आणलेला संघ वाटतो.

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ ऑक्टोबर

सोळा_आणे, मी नागपूरचा. तुमचं वाचून २०१७ आठवलं. चंद्रकांत पंडित विदर्भाचे कोच झाले तेव्हा आमच्याकडे एकही रणजी करंडक नव्हता. लोक म्हणायचे, मुंबईचा कोच आणलाय, वसीम जाफर आणि गणेश सतीश बाहेरचे, यात विदर्भाचं काय? पण इंदूरच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आमचाच होता, कप्तान फैज फझल आमचाच होता. पहिल्याच मोसमात करंडक आला, दुसऱ्या वर्षी पुन्हा. बाहेरून आलेल्यांनी घरच्या पोरांना दाखवलं की जिंकायच्या आधी दिवस कसा घालवायचा असतो. पंडितांची शिस्त किती कडक, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

फुटबॉलचं मला कळत नाही. पण हे चित्र ओळखीचं वाटतं.

---

चुनखडी | २३ ऑक्टोबर

वऱ्हाडी_ठेचा, माझ्या मनातलं बोललात.

सोळा_आणे, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. पण ही मुलं कोण आहेत ते बघा. डीअँजेलो पाँड्स, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. एडन फिशर, मिकेल कमारा, इलायजा सॅरट. ही सगळी जेम्स मॅडिसनहून आली, आणि शाळेतून बाहेर पडताना मोठ्या विद्यापीठांनी यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सिग्नेटी सांगतात की खेळाडू पुढे काय करू शकेल यापेक्षा त्याने आजवर काय केलंय ते मी बघतो. उंची-वजनाचा तक्ता बघून मुलं गोळा करण्यापेक्षा हे मला जास्त न्यायाचं वाटतं.

आणि दुसरं. आजवर इथे आलेल्या प्रत्येक कोचने आमच्याकडे वेळ मागितला. तीन वर्षं द्या, पाच वर्षं द्या, पाया घालतोय. आम्ही दिला. या माणसाने मागितलाच नाही. इथे हरायची सवय सगळ्यांनाच होती, आमच्यासारख्या प्रेक्षकांनाही. अर्धे लोक पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून, खाऊन-पिऊन, मध्यंतरालाच घरी जायचे. यंदा सिग्नेटींनी जाहीरपणे सांगितलं, आत या आणि शेवटपर्यंत बसा. नेब्रास्काच्या सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या पावातही लोक जागचे हलले नाहीत. मला शनिवारचा निकाल जितका मोठा वाटला, तितकंच हेही.

रूर्कच्या अंगठ्याला मात्र लागलंय. शनिवारी वॉशिंग्टन.

---

खडू_फळा | २७ ऑक्टोबर

वॉशिंग्टन ३१-१७. राखीव क्वार्टरबॅक टेव्हन जॅक्सन असूनही जिंकले, अभिनंदन. पाँड्सने दोनदा चेंडू अडवून घेतला आणि एकदा थेट टचडाउनपर्यंत पळत सुटला. ताईंच्या पाच फूट नऊ इंचाने बोलती बंद केली.

---

चुनखडी | ३ नोव्हेंबर

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. काल पाडव्याला ओवाळणी आटोपून सामना लावला. मिशिगन स्टेटमध्ये आपण ०-१० ने मागे. अख्ख्या मोसमात पहिल्यांदा मागे पडलो. जुना संघ असता तर मी फराळाची भांडी घासायला उठले असते. यांनी पुढचे ४७ गुण केले आणि एकही दिला नाही. ४७-१०. नऊ विजय. याहून जास्त विजय इंडियानाने एका मोसमात कधीच मिळवलेले नाहीत. १९४५ मध्ये नऊ, १९६७ मध्ये नऊ.

---

चुनखडी | १० नोव्हेंबर

मिशिगन २०-१५.

हे नीट लिहायला हवं.

आमच्या शेजारच्या जागेवर एक आजोबा बसतात. ओळख बारा-तेरा वर्षांची. १९६७ मध्ये ते इथे विद्यार्थी होते, पासाडेनालाही गेले होते. मैदानात बसूनही ते कानाला रेडिओ लावतात, कारण डॉन फिशर. हा माणूस १९७३ पासून इंडियानाचं धावतं वर्णन करतोय. आजोबा म्हणतात, डोळ्यांवर माझा विश्वास नाही, डॉनवर आहे.

मध्यंतराला १७-३ पुढे होतो. मग गाडी अडकली. दुसऱ्या अर्ध्यात आपल्या आक्रमणाला एकूण १८ यार्ड मिळाले. अठरा! मिशिगन म्हणजे गेल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते, ते सोडतात होय? १७-१५ पर्यंत आले. टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नातले, बरोबरीसाठीचे दोन गुण बचावफळीने अडवले. शेवटी निको रॅडिचिचने किक मारून तीन गुण वाढवले, पण एक टचडाउन आणि सगळं संपलं असतं.

शेवटच्या दोन मिनिटांत आजोबांनी एक इयरफोन काढून माझ्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत. त्यांचा हात थरथरत होता, थंडीने की कशाने, कोण जाणे. रेडिओचा आवाज काही क्षण उशिरा येतो. त्यामुळे मिशिगनचा शेवटचा प्रयत्न मी दोनदा फसताना अनुभवला. आधी डोळ्यांनी, भोवताली पन्नास हजारांचा कल्लोळ, आणि मग त्या कल्लोळातून कानात डॉनचा आवाज. आजोबांनी तो आवाज ऐकेपर्यंत टाळी वाजवली नाही. ऐकल्यावर टोपी काढली आणि खाली बसले.

माझा मुलगा मार्चिंग हंड्रेडमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या बँडमध्ये, ट्रॉम्बोन वाजवतो. तो म्हणाला, आई, शेवटचं गाणं निम्म्या पोरांना वाजवताच आलं नाही, रडत होती.

दहा विजय. इतिहासात पहिल्यांदा.

---

पाच_तळी | १० नोव्हेंबर

मी ॲन आर्बरची, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावची, काल तुमच्या विरुद्ध बाजूला होते. वाईट वाटलं होतं, पण आजोबांचं वाचून राग गेला.

---

खडू_फळा | १७ नोव्हेंबर

आता मला थोडं बोलावंसं वाटतं. काल सिग्नेटींना आठ वर्षांचा नवा करार मिळाला, एकूण ७ कोटी २० लाख डॉलर. आधीच्या कोचला मुदतीपूर्वी काढलं म्हणून दीड कोटीहून जास्त डॉलर मोजले. याच विद्यापीठात एप्रिल २०२२ मध्ये आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मानधन आणि शुल्कासाठी संप केला होता. मी त्या फळीत उभा होतो. प्रत्येक टचडाउनला मीही ओरडतो, पण हे आकडे शेजारी ठेवले की घास उतरत नाही.

---

चुनखडी | १७ नोव्हेंबर

तुमचं म्हणणं योग्य आहे आणि ते इथे लिहिलंत हे बरं झालं. जुन्या कोचची रक्कम देणगीदारांनी भरली असं विद्यापीठाने सांगितलं होतं, पण देणगीदारांना प्रयोगशाळेतल्या मुलांची आठवण का होत नाही, हा प्रश्न उरतोच. माझा नवराही त्याच मानधनावर पाच वर्षं काढून बाहेर पडला. एका गाडीत आठवड्याचं सामान बसवायला चार घरं एकत्र जायचो. त्या दिवसांत शनिवारचं मैदान हाच आमचा विरंगुळा होता. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात.

---

चुनखडी | २४ नोव्हेंबर

ओहायो स्टेट ३८-१५. हरलो.

सुरुवात झकास झाली होती, पहिला टचडाउन आपला. मग मध्यंतराच्या तोंडावर पंट करताना चेंडू हातातून निसटला, त्यांनी लगेच गुण केले. तिसऱ्या पावात केलब डाउन्सने आपला पंट पकडून ७९ यार्ड पळवला. तिथेच कंबरडं मोडलं. रूर्कला पाच वेळा पाडलं. खरं सांगू, मला त्याचाच राग आला. हा पोरगा पळत का नाही? चेंडू हातात धरून नुसता उभा राहतो. समोर मोकळी जागा दिसत असताना पाय का उचलत नाही?

---

सोळा_आणे | २४ नोव्हेंबर

मोठ्या संघापुढे फरक दिसलाच. दोन्ही फळ्यांत धिप्पाड पोरं अजून पुरेशी नाहीत. पण माझं आधीचं मत थोडं बदललंय. विकत आणलेला संघ शेवटच्या पावात असा झगडत नाही.

---

बॉयलर_अभियंता | १ डिसेंबर

पर्ड्यूचा विद्यार्थी आहे, लिहावं की नको असा विचार करत होतो. ६६-०. या दोन विद्यापीठांच्या १९२५ पासूनच्या सामन्यांतला हा सर्वात मोठा फरक. मी काल कडाक्याच्या थंडीत ब्लूमिंग्टनला आलो होतो, शेवटपर्यंत थांबलो. आमचा मोसम १-११ असा संपला आणि आज कोच रायन वॉल्टर्स यांना निरोप दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या सामन्याचा करंडक म्हणजे एका जुन्या शेतावर मिळालेली ओकच्या लाकडाची बादली. १९२५ पासून दर वर्षी जिंकणाऱ्याच्या अक्षराची एक कडी तिच्या साखळीत अडकवतात. पहिलाच सामना ०-० बरोबरीत सुटला, म्हणून पहिल्या कडीवर दोन्ही अक्षरं आहेत. गेली तीन वर्षं आमचं अक्षर लागत होतं. ताई, यंदा तुमचं. सांभाळा.

---

चुनखडी | १ डिसेंबर

तुम्ही लिहिलंत याचं फार कौतुक वाटलं. ६६-० च्या कोणत्या बाजूला कसं वाटतं ते आम्हाला पाठ आहे, आजवर आम्ही दुसऱ्याच बाजूला असायचो. पुढच्या वेळी आलात की कळवा. घरी जेवायला या, पिठलं-भाकरी नक्की.

---

चुनखडी | २१ डिसेंबर

नोत्र दाम २७-१७. मोसम संपला, ११-२.

राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा संघांचं प्लेऑफ यंदा पहिल्यांदाच झालं आणि त्याचा पहिला सामना आपल्याच राज्यातल्या दोन विद्यापीठांत, साउथ बेंडला. आम्ही गाडीने गेलो. सुरुवातीलाच आपण चेंडू अडवून त्यांच्याकडून हिसकावला, मग आपलाही पास त्यांच्या गोलरेषेजवळ अडवला गेला, आणि पुढच्याच डावाला त्यांचा जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळत गेला. आमच्या समोरून गेला. त्याच्या मागे आपला एकही माणूस पोचण्याच्या अंतरात नव्हता. शेवटच्या दीड मिनिटात आपण दोन टचडाउन केले म्हणून आकडा बरा दिसतो.

चौथ्या पावात ३-२० मागे असताना पंट केला, तो निर्णय मला पटला नाही. अकरा यार्ड हवे होते हे मान्य, पण गमवायला काय होतं? वर्षभर या माणसाने आम्हाला घाबरू नका असं शिकवलं, आणि नेमक्या त्या क्षणी तो स्वतः मागे सरला असं वाटलं.

टीव्हीवर आता सगळे म्हणताहेत की इंडियानाची जागाच नव्हती, अलाबामाला घ्यायला हवं होतं. अलाबामा तीनदा हरलंय. आपण तोवर एकदाच, तेही ओहायो स्टेटकडून. वेळापत्रक सोपं होतं हे खरं, पण समोर आलेल्यांना हरवण्यापलीकडे संघाने काय करायचं असतं?

---

वऱ्हाडी_ठेचा | २१ डिसेंबर

ताई, पंटचं समजत नाही, पण धाग्यामुळे मी तीन सामने रात्री जागून पाहिले. आजोबा आले होते का?

---

चुनखडी | २२ डिसेंबर

एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून घरीच थांबले. काल फोन केला. म्हणाले, डॉनने सगळं सांगितलं.

---

चुनखडी | १८ जानेवारी २०२५

धागा वर काढतेय, कारण एक गोष्ट दुरुस्त करायची आहे.

कर्टिस रूर्कच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट ऑगस्टमध्येच, मोसम सुरू व्हायच्या आधी, फाटला होता, ही बातमी आता बाहेर आलीय. हाच गुडघा २०२२ मध्येही गेला होता. शस्त्रक्रिया केली असती तर मोसम संपला असता, आणि त्याचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष. म्हणून पट्टी बांधून खेळला. ३,०४२ यार्ड, २९ टचडाउन पास. शस्त्रक्रिया मोसम संपल्यावर केली. आम्हा बघणाऱ्यांना मोसमभर याचा पत्ताही नव्हता.

नवऱ्याने बातमी मोठ्याने वाचली. मुलगा म्हणाला, आई, तू ओहायो स्टेटच्या दिवशी काय ओरडत होतीस आठवतं का? आठवतं. २४ नोव्हेंबरच्या प्रतिसादात ते लिहूनही ठेवलंय. मी ते पुसणार नाही, पण त्यातला 'हा पोरगा पळत का नाही' हा प्रश्न मागे घेते.